शेवंतीची मान

"दोरी सैल सोड! अरे दिनू, दोरी सैल सोड म्हणते ना मी!"

"सोडली की, बाई!"

"सोडली? मूठ तिच्या हनुवटीखाली आहे तुझी! घोडी पळवतोयस की कडेवर घेऊन चाललायस? हातभर दोरी मोकळी सोड, मागं फिर आणि परत आण. दुडकीनं!"

ह्या आवाजानं कोंडाण्याच्या लेण्यांतली झाडून सगळी वटवाघळं भर सकाळी दहाला बाहेर पडली आणि राजमाचीच्या दिशेनं उडून गेली, असं मी आजवर निदान चाळीस बैठकांत सांगितलं आहे. वटवाघळं उडाली नव्हती. गायकवाड डॉक्टरबाई ओरडल्या होत्या हे मात्र खरं, आणि माझी मूठ शेवंतीच्या हनुवटीखाली होती हेही खरं.

दिवाळी सरली, भाताची कापणी-झोडणी उरकली की दरवर्षी हा आवाज माझ्या कानात उठतो. आमच्या कर्जत-खालापूरकडं जमीन घोड्याला वर्षातून तीनच महिने धार्जिणी असते. पावसात ती घोडा गुडघ्यापर्यंत गिळते आणि उन्हाळ्यात तिची अशी वीट होते की नाल ठिणग्या काढते. मधले हे तीन महिने सोन्याचे. शेतात धसकटं उभी, त्यांच्यामध्ये नुकता वाल वर आलेला, बांधावर दव, उल्हासच्या पात्रावर दुधाच्या सायीसारखं धुकं. खळ्यातल्या पेंढ्याच्या उडव्यांचा वास, त्यात घोड्याच्या घामाचा आणि तेल लावलेल्या खोगिराचा. हा वास बाटलीत भरून विकता आला असता तर मी आज मुंबईत राहिलो असतो. तर ते असो. सकाळी दार उघडलं, गार वाऱ्याबरोबर पेंढ्याचा वास आला की दुसरा कुणीही माणूस खूश होईल. मी चूळ भरतो आणि आरशात बघायचं टाळतो.

आमची ही जमात विचित्र आहे. माथेरानच्या घाटात घोडे चालवणारे, वरातीला घोडे देणारे, शनिवार-रविवार फार्महाऊसवर येणारे मुंबईकर, आणि माझ्यासारखे कळंबच्या नाक्यावर सिमेंट-पत्रे विकून वर घोडा पाळायची खाज असलेले. थंडीत सगळे मिळून लांब पल्ल्याच्या दौडी करतो. चाळीस किलोमीटर, साठ किलोमीटर. ह्यात नुसतं पळून भागत नाही. वाटेत तपासणीचा नाका असतो, तिथं डॉक्टर घोडा बघतात. ठरल्या वेळात त्याचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या खाली यायला हवेत, पोटात गुडगुड ऐकू यायला हवी, हिरडी अंगठ्यानं दाबली की लगेच परत गुलाबी व्हायला हवी. शेवटी मालकानं दोरी धरून त्याला तीस पावलं दुडकीनं पळवून दाखवायचं. लंगडला की घरी. पहिले आलात तरी घोडा लंगडा असेल तर तुमची किंमत शून्य. त्या नाक्याला सगळे 'बाईंचा नाका' म्हणायचे.

बाई भिसेगावच्या. सरकारी नोकरीत गाई-म्हशींचे डॉक्टर म्हणून लागल्या, आणि घोडा शिकल्या त्या माथेरानच्या घोडेवाल्यांकडून, दस्तुरीच्या नाक्यावर उभ्या राहून. उंचीनं एवढ्याशा की उंच घोड्यापलीकडं उभ्या राहिल्या तर नुसती साडी दिसायची. मी सांगायचो की त्या घोड्याच्या पोटाला कान लावून काल त्यानं कुणाच्या शेतातला पेंढा चोरून खाल्ला ते नावासकट सांगतात. लोक हसायचे, पण निम्म्यांना ते खरं वाटायचं. त्यांची एक रीत मात्र मी न वाढवता सांगतो. ठोके ऐकायच्या नळीची चकती त्या आधी स्वतःच्या तळहातात धरून बसायच्या. थंडीच्या दिवसात गार चकती लागली की घोडा दचकतो आणि त्याचे ठोके वाढतात. रांग कितीही मोठी असू दे, प्रत्येक घोड्यासाठी चकती नव्यानं ऊब घ्यायची. तोवर त्या मालकाकडं बघायच्याही नाहीत. घोड्याशी बोलायच्या.

"काय गं, हा माणूस तुला वाटेत पाणी पाजतो का?"

मालक घाईघाईनं म्हणायचा, "पाजलं ना बाई, दोनदा पाजलं."

"तू गप. मी तिला विचारतेय."

आणि खरंच थांबायच्या उत्तरासाठी. घोडी कान हलवायची, बाई मान डोलवायच्या आणि कार्डावर काहीतरी लिहायच्या. खालापूरचे आमचे नालबंद इसाकभाई म्हणायचे, "आपून घोड्याला नाल मारतो, बाई घोड्याला बोलतं करतात." त्याच इसाकभाईंचा घोडा एकदा ओला पेंढा खाऊन पोटदुखीनं लोळायला लागला, तेव्हा बाईंनी टळटळीत उन्हात गावच्या तळ्याभोवती त्याला तीन तास चालवला होता. इसाकभाई म्हणत होते, "बाई, तुमी बसा, मी चालवतो." बाई म्हणाल्या, "तुमी रडताय. तो तुमच्याकडं बघून घाबरतोय." घोड्यानं शेवटी लीद टाकली तेव्हा तळ्याकाठी जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जगात लिदीला टाळ्या मिळालेलं ते एकच तळं असेल.

अशा बाईंना मी फसवलं.

सहा वर्षं झाली. शेवंती मी कल्याणच्या एका वरातवाल्याकडून घेतली होती. पांढरी, कपाळावर करड्या केसांचा भोवरा. तिच्या पाठीवरून सहा वर्षं नवरे मिरवले, मग माझ्या बुडाचं नशीब उघडलं. आधीच्या तिन्ही दौडींत बाईंनी मला नाक्यावरून परत पाठवलं होतं. एकदा ठोके उतरले नाहीत, एकदा खोगिरानं पाठ सोलली होती, एकदा नाल सैल. तिन्ही वेळा बाईंचं बरोबर होतं आणि तिन्ही वेळा मी कळंबात येऊन वेगळंच काहीतरी सांगितलं. चौथ्या वेळी मी गावात जाहीर केलं की साठ किलोमीटर पुरे केल्याशिवाय मिशीला तेल लावणार नाही. आणि एवढ्यावर थांबेन तो मी कसला! दौडीच्या आदल्या दिवशी मी कळंबच्या नाक्यावर फ्लेक्स लावला. मी शेवंतीवर बसलेलो, डोक्याला फेटा, खाली मोठ्या अक्षरात 'साठ किलोमीटरची दौड यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', शुभेच्छुक म्हणून अकरा जणांचे फोटो. दौड दुसऱ्या दिवशी होती. आमच्याकडं अभिनंदन आधी लागतं, काम मागून होतं.

त्या पहाटे खालापूरबाहेरच्या माळावर मी शेवंतीच्या पायांवरून हात फिरवला. पुढचा डावा पाय, गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूला, जिथं ती जाड शीर असते. हाताला कोमट लागलं. दुसरा पाय गार, दवासारखा. पुन्हा बघितलं. पुन्हा कोमट. घोडा पाळणाऱ्या माणसाला ह्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. इसाकभाई शेजारी उभे होते. त्यांनी वाकून हात लावला आणि माझ्याकडं बघितलं.

"दिनूशेठ, आज नको."

"झोपेत पाय दबला असंल. चालून मोकळा होईल."

"घोडी उभ्यानं झोपते, दिनूशेठ."

"तुमी नाल बघा, इसाकभाई. पाय मी बघतो."

हे मी त्यांना बोललो. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षं मोठ्या माणसाला.

कोंडाण्याच्या पायथ्याशी, तीस किलोमीटरवर, बाईंचा नाका होता. तिथवर शेवंती आली, पण तिचं शेवटचं पाऊल पहिल्या पावलासारखं नव्हतं. घोड्याचा पुढचा पाय दुखत असला की दुडकीत त्याची मान सांगते. दुखरा पाय टेकला की मान वर उचलते, चांगला टेकला की खाली जाते. म्हणून लबाड माणूस दोरी आखूड धरतो, मान हलूच देत नाही. आणि म्हणून बाई ओरडल्या.

हातभर दोरी सोडून मी परत धावलो. शेवंतीची मान वरखाली. नाक्यावरचे पाच-सात जण पुढं सरकून बघायला लागले. बाईंनी कार्ड बाजूला ठेवलं आणि त्या पुढं आल्या. त्या काही बोलायच्या आत खालच्या वाडीतून बेंजोवाल्यांचा ताफा वाजायला लागला. हळद होती कुणाची तरी. आमच्याकडं हळदीला बेंजो लागतोच, सकाळी दहापासून. ढोलकीचा ठेका डोंगरावर आपटून परत येत होता. आणि माझ्या डोक्यात, जिथून आजवर हजार गोष्टी निघाल्या, तिथून ही एक निघाली.

"बाई, ती लंगडत नाय. नाचतीय!"

"काय?"

"वरातीची घोडी ती. सहा वर्षं बेंजोपुढं चाललीय. वाजायला लागलं की मान हलवते, सवय तिची. मागल्या महिन्यात नाक्यावरून मिरवणूक गेली तवा दुकानासमोर बांधल्या जागी नाचत होती. आख्खा कळंब साक्षीला आहे."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चष्म्यात मी दोनदा दिसत होतो, दोन्हीकडं हसरा.

"परत पळव," त्या म्हणाल्या.

आता खरी लाज. मी परत पळालो तो बेंजोच्या ठेक्यावर पळालो. ढोलकीच्या थापेवर माझं पाऊल, माझ्या पावलाबरोबर शेवंतीचं. तीस पावलं गेलो, तीस पावलं आलो, एक थाप चुकू दिली नाही. तिची मान बरोबर ठेक्यावर हलत होती. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि बाई हसल्या. वर्षभरात दोनदा हसायच्या, त्यातलं एक हसू त्यांनी माझ्यावर खर्च केलं. शेवंतीच्या कपाळावरच्या भोवऱ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नाचरी गं माझी बाय!" कार्डावर 'चालेल' लिहिलं आणि खाली सही केली.

वरातीची घोडी कशी असते हे कल्याणच्या वरातवाल्यानं मला घोडी देताना सांगितलं होतं. कानाशी फटाक्यांची माळ फुटली तरी जिची मान हलत नाही ती खरी वरातीची घोडी. नाचणारी घोडी नवऱ्याला पाडेल. शेवंती सहा वर्षांत एकदाही नाचली नव्हती.

परतीच्या वाटेवर उल्हास ओलांडावी लागते. थंडीत पाणी घोट्याएवढं असतं, पण खाली गोटे. मधोमध आलो आणि शेवंतीच्या पायातून आवाज आला. आवाज आला होता की नव्हता, हे मी आता नक्की सांगू शकत नाही; मी ती गोष्ट इतक्यांदा इतक्या आवाजांसकट सांगितली आहे. ती थांबली एवढं नक्की. पाय उचलून धरला आणि थरथरत उभी राहिली. मी खाली उतरलो. पाणी बर्फासारखं होतं. मी तिला "चल गं, चल गं" म्हणत होतो. दोनदा म्हणालो. तिनं दोन्ही वेळा प्रयत्न केला.

बाई कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आल्या. साडीसकट नदीत गुडघ्यावर बसल्या आणि तिचा पाय मांडीवर घेतला. शीर तुटली होती. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. नेहमीसारखं घोडीशी बोलल्या, अगदी हळू.

"उभी राहा, बाय. आता नाचायचं नाय."

ह्या वाक्याचा अर्थ मी सहा वर्षं लावतो आहे. कधी वाटतं, त्यांना अजून माझी गोष्ट खरी वाटत होती आणि त्या घोडीची समजूत घालत होत्या. कधी वाटतं, ते मला होतं. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, तेही ठरत नाही.

संध्याकाळी माळावर आंब्याखाली सगळे जमले. वडे तळणं चालू होतं. आयोजकांपैकी एकानं विचारलं की नाक्यावर घोडी लंगडत होती असं चारजण सांगतात, मग तिला सोडलं कसं? मी तोंडात वडा घातला. बाई उभ्या राहिल्या.

"तपासणी माझी. कार्डावर सही माझी. चूक माझी," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बेंजोचं नाव नाही, माझं नाव नाही. मागून कुणीतरी बोललं, "बाईमाणूस, किती बघणार." त्याच्या शेजारच्यानं आणखी एक वाक्य जोडलं, ते जातीवरून होतं. ते मी इथं लिहीत नाही, पण मी ते ऐकलं. बाईंनीही ऐकलं असणार, त्या माझ्यापेक्षा जवळ बसल्या होत्या. माझ्या तोंडात वडा होता हे खरं आहे. पण वडा गिळायला तेवढा वेळ लागत नाही.

त्यानंतर बाई कधी नाक्यावर उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना कुणी काढलं नाही, फक्त पुढच्या दौडीचं बोलावणं गेलं नाही. आता मुंबईहून एक तरुण डॉक्टर येतात. चांगले आहेत, हुशार आहेत, त्यांची चकती गार असते.

आणि बाई मात्र दर गुरुवारी माझ्याकडं येत राहिल्या. भिसेगावहून कर्जत स्टेशन, तिथून शेअर रिक्षानं कळंब, पिशवीत पट्ट्या आणि मलम. पाच महिने. आपल्या हातानं शेवंतीचा पाय धुवायच्या, शेकायच्या, पट्टी बांधायच्या. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवलेल्या केळ्यातलं एक तिच्यासाठी घेऊन यायच्या. मी चहा द्यायचो आणि त्यांना हसवायला गोष्टी सांगायचो. गिरणीत अडकलेल्या माकडाची, सरपंचाच्या हरवलेल्या चपलेची. सगळ्या सांगितल्या, एक सोडून. प्रत्येक गुरुवारी ठरवायचो, आज सांगू. मग बाई म्हणायच्या, "साखर कमी घाल रं पुढल्या वेळी," आणि मी पुढल्या वेळेवर टाकायचो. शेवटच्या गुरुवारी त्यांनी पट्टी सोडली, पायावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जगेल ही. पळायची नाय, पण जगेल." पिशवी उचलून रिक्षाला गेल्या. मी रिक्षापर्यंत पोचवायला गेलो नाही.

ह्याच्यावर कडी म्हणजे मी ती गोष्ट सांगायला लागलो. आधी इसाकभाईंना तोंड चुकवायला, मग सवयीनं, मग मजा यायला लागली म्हणून. एवढ्या हुशार बाईंना लंगडी घोडी दिसली कशी नाही, असं लोक विचारायचे. मी एकेकाला एकेक सांगितलं. एका बैठकीत बाईंच्या चष्म्यावर धुकं बसलं. दुसऱ्या बैठकीत त्या फोनवर होत्या. तिसऱ्या बैठकीत, आणि ही सगळ्यांत जास्त चालली, बाई स्वतःच बेंजोवर ठेका धरून डोलत होत्या, त्यामुळं त्यांना घोडीची मान स्थिर दिसली! ह्यावर लोक पोट धरून हसायचे. मी उठून डोलून दाखवायचो, पदर खोचल्यासारखं करून.

एका वर्षी माघात आमच्या शेजाऱ्यांच्या शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. मडकं उपडं घालून भोवती जाळ. उन्हं उतरत होती, वीसेक माणसं जाळाभोवती बसलेली आणि मी मधोमध उभा राहून डोलत होतो. अचानक सगळ्यांच्या नजरा माझ्या मागं गेल्या. मागं वळलो तर बांधावर बाई. शेजाऱ्यांचं वासरू बघायला आल्या होत्या. कुणीतरी त्यांना बसायला पाट दिला. त्या बसल्या. कुणीतरी पानावर शेंगा दिल्या. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे खाल्ले, दुसरी सोलली.

"थांबलास का? पुढं काय झालं, सांग ना."

मी सांगितलं. पुढचं सगळं बदलून सांगितलं. बाईंनी नदीत उडी घेतली, घोडीला खांद्यावर घेऊन पलीकडं आणलं, असं काहीतरी. कुणी हसलं नाही. बाईंनी शेंगा संपवल्या, हात धुतले आणि वासराकडं गेल्या.

शेवंती अजून माझ्या परड्यात आहे. खाते, पिते, उन्हात उभी राहते. चालते तेव्हा प्रत्येक पावलाला मान हलवते आणि बेंजो कुठंही वाजत नसतो.

गेल्या श्रावणात बाई गेल्या. सकाळच्या चहाला उठल्या नाहीत एवढंच. मी भिसेगावला गेलो, गर्दीत मागं उभा राहिलो. कर्जतपासून खालापूरपर्यंतचा एकही घोडेवाला घरी नव्हता. माथेरानचे घोडेवाले पायी डोंगर उतरून आले होते. मी तिथं एकही गोष्ट सांगितली नाही. माझ्या तोंडाला ही सवय नवी होती.

आणि आता परत भात कापून झालं. ह्या हंगामाची पहिली दौड परवाच्या रविवारी झाली. सुरू होण्याआधी माळावर बाईंची शोकसभा ठेवली होती. घोडे एका बाजूला बांधलेले, माणसं सतरंजीवर. पुढं खुर्चीवर बाईंचे यजमान, गायकवाड सर. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर गणित शिकवलं. बोलण्यात एक शब्द जास्तीचा नाही. एकेक जण उठून बाईंची आठवण सांगत होता. इसाकभाईंनी तळ्याची सांगितली आणि मधेच खाली बसले. मग कुणीतरी ओरडलं, "दिनूशेठ! दिनूशेठला उठवा रं! बेंजोची सांगा!"

मी उठलो. मी म्हणालो, बेंजोची गोष्ट खोटी आहे. पहाटेच पाय कोमट लागला होता, मला माहीत होतं. बाईंच्या चष्म्यावर धुकं नव्हतं, हातात फोन नव्हता, त्या डोलत नव्हत्या. त्यांनी दोरी सैल सोडायला लावली, त्यांना दिसलं, आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. ठेक्यावर पळालो ते मी. घोडी नाचत नव्हती, दुखत होतं तिला. आणि हे सगळं मी माझे साठ किलोमीटर पुरे व्हावेत म्हणून...

'ठेक्यावर पळालो' इथंच हशाची पहिली लाट उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, ह्या वर्षी नवीन!" मी म्हणालो, नाय, हे खरं आहे. त्यावर आणखी हसले. मी म्हणालो, आईशपथ. एकजण हसता हसता सतरंजीवर आडवा झाला. मी जितका ठासून सांगत होतो तितकी मजा वाढत होती. फ्लेक्स आधी लावला होता ते सांगितलं तेव्हा तर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. तोंड उघडून हसणाऱ्या त्या साठ माणसांतले निम्मे बाईंच्या हातून घोडे वाचवून घेतलेले होते, आणि हसायला त्यांना शिकवलं होतं मी. इसाकभाई तेवढे हसले नाहीत. सर हसले नाहीत.

सभा संपली. घोडे सुटले, खोगिरं चढली, माळावर धुरळा उठला. सर खुर्ची घडी घालून ठेवत होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"सर, आज मी बोललो ते खरं होतं. एक अक्षरही वाढवलेलं नाय. बाईंची चूक नव्हती. त्या दिवशी नव्हती, कधीच नव्हती. पण आता ह्यांना कसं पटवू? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, तुमीच सांगा."

सरांनी खुर्ची आंब्याच्या खोडाला टेकवून ठेवली.

"लिहून द्या," ते म्हणाले.